पासपोर्टला न चालणारे चेहरे

व्हिसाचा फोटो काढायला गेलेल्या माणसाला नियम सांगावे लागत नाहीत. मागे पांढरा पडदा, मान ताठ, कपाळावरचे केस मागे, हसायचं नाही, डोळे उघडे आणि सरळ कॅमेऱ्याकडे. पापणी मिटली गेली की फोटोग्राफर म्हणतो, ‘परत घेऊ.’ देश सोडून गेलेल्या माणसाला हा फोटो आयुष्यभर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. त्याच्या चेहऱ्याकडे सगळ्यात निरखून बघणारा माणूस बहुधा खिडकीपलीकडचा अधिकारी असतो, आणि त्या अधिकाऱ्याची त्याच्याशी काडीचीही ओळख नसते.

वाय. झेड. कामी यांची व्यक्तिचित्रं पाहताना मला हे नियम आठवतात, कारण त्यातले जवळजवळ सगळे कामी पाळतात. चेहरा समोरून. मागची जागा मोकळी. हसू नाही, राग नाही, हातात पुस्तक नाही की फूल नाही. बदललेलं असतं ते माप. कॅनव्हास माणसाच्या उंचीच्या दीडपट, कधी त्याहूनही मोठा, आणि त्यावर नुसता चेहरा किंवा खांद्यापर्यंतचा माणूस. शिवाय अनेक चित्रांत पापण्या खाली झुकलेल्या असतात, काहींत डोळे पुरते मिटलेले असतात. असा फोटो कोणत्याही वकिलातीतून परत येईल.

तेहरानमध्ये १९५६ साली जन्मलेले आणि १९८०च्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये राहणारे कामी हे या लेखाचं मध्यवर्ती नाव आहे. पण एकट्या कामींबद्दल बोलून भागणार नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत इराणबाहेर गेलेल्या चित्रकारांच्या दोन पिढ्यांनी माणसाचा चेहरा रंगवला, आणि तो रंगवताना प्रत्येकाने काही ना काही रोखून धरलं. कुणी डोळे मिटवले, कुणी चेहऱ्यावर कापड टाकलं, कुणी तो तोडून दोन फळ्यांवर मांडला. बंदी घातलेले चेहरे कुणी तळहाताएवढे करून जपले. हे सगळे एकाच गोष्टीला उत्तर देत आहेत असं मला वाटतं. इराणमध्ये चेहरा फार काळ सत्तेच्या कामाला जुंपलेला होता, आणि परदेशात पोचल्यावर तो फाइलीच्या कामाला जुंपला गेला. या दोन्ही कामांतून त्याला सोडवायचा हा खटाटोप आहे.

सत्तेच्या कामाचं उदाहरण म्हणून काजार घराण्यातल्या फतह अली शाहची चित्रं पाहावीत. १७९७ ते १८३४ एवढा काळ हा राजा गादीवर होता. कमरेपर्यंत पोचलेली काळीभोर दाढी, मुंगीसारखी बारीक कंबर, दंडावर रत्नं. मिर्झा बाबा आणि मिहर अली यांच्यासारख्या दरबारी चित्रकारांनी त्याची पुरुषभर उंचीची तैलचित्रं केली आणि ती परदेशी राजांना नजराणा म्हणून गेली. नेपोलियनलाही एक गेलं. चित्रातला माणूस म्हातारा होत नाही, थकत नाही. तो माणूस नसतोच मुळी, ती राजमुद्रा असते. याच शतकाच्या अखेरीस कमाल-उल-मुल्क यांनी नासिरुद्दीन शाहच्या आरसेमहालाचं चित्र केलं. झुंबरं, आरसे, गालिचे यांच्या पसाऱ्यात शाह खुर्चीवर इवलासा बसला आहे. त्या चित्रात पहिल्यांदा खोली राजापेक्षा मोठी झाली. कमाल-उल-मुल्क पुढे युरोपात शिकून आले, १९११मध्ये त्यांनी तेहरानमध्ये कलाशाळा काढली, आणि इराणमध्ये हुबेहूब व्यक्तिचित्राची परंपरा रुजली ती बरीचशी त्यांच्यामुळे.

विसाव्या शतकात राजाचा चेहरा कागदावर उतरला, म्हणजे तिकिटांवर, नोटांवर, शाळेच्या भिंतीवर. १९७९मध्ये क्रांती झाली तेव्हा नव्या सरकारकडे लगेच नव्या नोटा छापायला सवड नव्हती. मग जुन्याच नोटांवर, नेमक्या शाहच्या चेहऱ्यावर, नक्षीचा गडद छाप मारून त्या चलनात ठेवल्या. मला ही नोट त्या काळाचं सगळ्यात खरं व्यक्तिचित्र वाटते. रक्कम तीच, कागद तोच, चेहरा तेवढा खोडलेला. पुढच्या दहा वर्षांत तेहरानच्या इमारतींच्या आंधळ्या भिंतींवर नवे चेहरे आले, धर्मगुरूंचे आणि इराकबरोबरच्या युद्धात मारल्या गेलेल्या तरुणांचे. चेहरे बदलले, पण त्यांचं काम तेच राहिलं.

या खोडाखोडीत सापडलेल्या चित्रकारांमध्ये निकी नोजूमी यांचं नाव आधी घ्यायला हवं. १९४२मध्ये केरमानशाह इथे जन्म, न्यूयॉर्कमध्ये शिक्षण, मग परत येऊन शाहविरोधी चळवळीत उडी. क्रांतीनंतर, १९८० साली, तेहरानच्या समकालीन कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं. नव्या सत्तेलाही ती चित्रं झोंबली. प्रदर्शन बंद पडलं, नोजूमींना देश सोडावा लागला आणि शंभराहून जास्त चित्रं मागे राहिली. त्या चित्रांच्या शोधावर त्यांच्या मुलीने सहदिग्दर्शित केलेला माहितीपट अलीकडेच आला आहे. न्यूयॉर्कमध्ये नोजूमी यांनी जी चित्रं केली त्यांतले सत्ताधारी पुरुष सुटाबुटात असतात, आणि त्यांची तोंडं पट्ट्या कापून पुन्हा चिकटवल्यासारखी सरकलेली असतात. डोळा एकाचा, जबडा दुसऱ्याचा. हे व्यक्तिचित्र नव्हे असं कुणी म्हणेल. पण राजाच्या चित्राला दिलेलं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

कामींचा मार्ग अगदी वेगळा आहे. त्यांची आई व्यक्तिचित्रकार होती आणि रंग हातात धरायला त्यांना तिनेच शिकवलं. ज्या मुलाच्या घरात माणसं येऊन तासन्‌तास गप्प बसतात आणि आई त्यांच्याकडे बघत राहते, त्या मुलाला बघणं हे एक काम असतं हे फार लवकर कळत असणार. १९७०च्या दशकाच्या मध्यावर ते आधी अमेरिकेत बर्कलीला आणि मग पॅरिसला गेले. सोरबॉनमध्ये तत्त्वज्ञान शिकले. मायदेशी क्रांती झाली तेव्हा ते पॅरिसमध्येच होते. तिथे त्यांनी एमान्युएल लेव्हिनास यांची व्याख्यानं ऐकली, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते आणि यायलाच हवी. ज्यांचे जवळचे नातलग नाझींच्या हातून मारले गेले, त्या लेव्हिनास यांचं सगळं नीतिशास्त्र चेहऱ्यापाशी सुरू होतं. दुसऱ्याचा चेहरा समोर आला की तो आपल्याकडे काहीतरी मागतो, आपण त्याला बांधील होतो. आणि कितीही बघितलं तरी तो चेहरा आपल्या मुठीत येत नाही. हे शब्दांत सांगणं एक, रंगात करणं दुसरं.

कामी ते कसं करतात, हे जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. ते आधी फोटो काढतात, मित्रांचे, घरच्यांचे, कधी अनोळखी माणसांचे. मग त्या फोटोवरून तैलरंगात काम सुरू होतं. पण तैलरंगाचा ओला तुकतुकीतपणा त्यात कुठेच नसतो. पृष्ठभाग कोरडा, चुन्याच्या भिंतीसारखा, प्रकाश परत न फेकणारा. चार-पाच मीटरवरून पाहिलं तर चेहरा भरीव आहे, गालाचं हाड जाणवतं, वरचा ओठ थोडा सुकलेला वाटतो. आपण पुढे सरकतो, आणि सवयीने वाटतं की जवळ गेलो की अधिक दिसेल. इथे उलट होतं. भुवयांच्या कडा धूसर होतात, नाकाची बाजू हवेत विरते, पापणीची रेघ म्हणून जी दिसत होती ती चार तपकिरी छटांची सरमिसळ निघते. हाताच्या अंतरावर पोचेपर्यंत माणूस नाहीसा झालेला असतो आणि समोर नुसता रंग असतो. पुन्हा मागे यावं लागतं. त्या माणसाने आपल्याला जितकं अंतर ठरवून दिलं आहे तितक्यावरच तो भेटतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात कामींनी इजिप्तमधल्या फायूमची व्यक्तिचित्रं पाहिली. दोन हजार वर्षांपूर्वी ममीच्या तोंडावर बसवण्यासाठी लाकडी फळीवर मेणरंगात केलेले ते चेहरे. मेल्यानंतर सोबत जाण्यासाठी केलेले, म्हणून त्यांचे डोळे टक्क उघडे. या चित्रांचं ऋण कामी मोकळेपणाने सांगतात. फरक एवढाच की फायूमचे मेलेले लोक डोळे उघडून आपल्याकडे पाहतात, आणि कामींची जिवंत माणसं डोळे मिटून आत पाहतात. त्यात झोप नाही. पाठ ताठ असलेल्या, श्वासाकडे लक्ष असलेल्या माणसाची ती मुद्रा आहे. आपल्याकडे ध्यानाला बसलेलं माणूस घरातल्या कोपऱ्यात पाहिलेल्या कुणालाही ती ओळखू येईल, आणि त्या वेळी त्या माणसाशी बोलायचं नसतं हेही.

त्यांचं एक काम मात्र वर्तमानपत्रातून आलं. जेरुसलेममध्ये २००५ साली ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लीम धर्मगुरू एका मेजाशी एकत्र बसले. एरवी एकमेकांशी न बोलणारी ही मंडळी समलिंगी व्यक्तींचा मोर्चा शहरात निघू नये या एका मागणीसाठी एकत्र आली होती. त्या बातमीच्या फोटोवरून कामींनी प्रत्येक धर्मगुरूचं वेगळं, मोठं चित्र केलं आणि ती चित्रं ओळीने लावली. २००७च्या व्हेनिस बिएनालेत ती दाखवली गेली. मला या चित्रांबद्दल आदर वाटतो तो एका कारणासाठी. या माणसांना कुरूप करून दाखवणं सोपं होतं. कामींनी त्यांनाही तोच कोरडा, हळवा रंग दिला, तोच मोकळा अवकाश दिला. टोप्या, दाढ्या, झगे वेगवेगळे आहेत, पण थकवा सारखाच आहे. राग यायचा असेल तर तो पाहणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर आणावा.

व्यक्तिचित्रांच्या जोडीने ते आणखी एक काम अनेक वर्षं करत आले आहेत. प्रार्थनांचे आणि कवितांचे मजकूर छापलेल्या कागदाचे विटेएवढे लहान आयत कापून ते वर्तुळात एकाबाहेर एक चिकटवायचे, मशिदीचा घुमट आतून पाहावा तसे. मध्यभागी मोकळी जागा. ‘न संपणाऱ्या प्रार्थना’ असं त्या मालिकेचं नाव. समीक्षक ही मालिका आणि चेहरे यांना दोन स्वतंत्र दालनांत बसवतात. मला ती एकच वाटतात. घुमटातल्या विटा दुरून अखंड दिसतात आणि जवळून सुट्या, चेहऱ्यांचंही तेच. २०२३मध्ये फ्लॉरेन्समध्ये त्यांची चित्रं शहरातल्या जुन्या वास्तूंमध्ये लावली गेली. पालाझ्झो वेक्क्यो, डोंगरावरचं सान मिनियातोचं मठमंदिर आणि ब्रुनेलेस्कीने बांधलेलं अनाथ बालकांचं घर, जे आता संग्रहालय आहे. ज्या भिंतींवर पाचशे वर्षं संत आणि सरदार आहेत तिथे आजच्या साध्या माणसांचे डोळे मिटलेले चेहरे ठेवणं ही धाडसाची गोष्ट होती.

कामींच्या कामाची एक मर्यादाही नोंदवायला हवी. धूसरता ही त्यांची भाषा आहे, पण तीस वर्षं तीच भाषा वापरली की ती कधीकधी आपोआप बोलायला लागते. काही उत्तरकालीन चित्रांत माणूस कोण आहे याने काही फरक पडत नाही असं वाटतं, सगळेच एका धुक्यात गेलेले. धर्मगुरूंच्या चित्रांत असा प्रश्न पडत नाही, कारण तिथे प्रत्येकाच्या ओठांची ठेवण वेगळी आहे.

पुढच्या पिढीत चेहरा झाकला गेला. अमीर फल्लाह यांचा जन्म तेहरानचा, आणि तोही नेमका १९७९चा. युद्धाच्या काळात कुटुंब तुर्कस्तान, इटली असं करत अमेरिकेला पोचलं. फल्लाह आता लॉस एंजेलिसमध्ये आहेत. त्यांची व्यक्तिचित्रं करण्याची पद्धत मला विलक्षण आवडते. ते माणसाच्या घरी जातात, त्याच्याच घरातल्या चादरी, शाली, पडदे घेऊन त्याला पार गुंडाळतात, त्याच्या जपलेल्या वस्तू भोवती मांडतात आणि फोटो घेतात. मग रंग. चित्रात चेहरा नाहीच. आहे ती आजीची किटली, झाडाची कुंडी, मुलाचं खेळणं, आणि कापडाखाली कुणीतरी बसल्याचा आकार. पाश्चात्त्य प्रेक्षकाला कापड दिसलं की तो लगेच ‘बुरखा’ म्हणतो. पण फल्लाह पुरुषांनाही तसंच झाकतात. देश सोडताना दोन बॅगांमध्ये काय घ्यायचं हे ज्या घरात एकदा ठरवावं लागलं आहे, त्या घरातला माणूस वस्तूंकडे असाच पाहतो. अलीकडची त्यांची चित्रं फार गच्च भरलेली असतात, डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. सुरुवातीची, एका माणसाभोवती थांबणारी चित्रं मला अधिक जवळची आहेत.

अर्घवान खोसरवी २०१५मध्ये अमेरिकेत शिकायला आल्या, तेव्हा त्यांनी तेहरानमध्ये ग्राफिक डिझाइन आणि पुस्तकचित्रणाचं शिक्षण पुरं केलेलं होतं. दोन वर्षांत, जानेवारी २०१७मध्ये, अमेरिकेने इराणसह सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. घरी गेलं तर परत येता येईल की नाही, हा प्रश्न घेऊन त्यांनी पुढची चित्रं केली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याच काळात भिंतीवरची काही नामवंत युरोपीय चित्रं उतरवून त्या जागी या सात देशांतल्या कलाकारांची कामं लावली होती. खोसरवी लाकडाच्या फळ्या वेगवेगळ्या आकारांत कापतात, एकापुढे एक बसवतात, आणि त्यांवर इराणी लघुचित्रातल्या वास्तू आणि आजची बाई रंगवतात. चेहऱ्याचा अर्धा भाग एका फळीवर, उरलेला मागच्या. मधून खरी दोरी ओवलेली. चित्राच्या समोरून चाललं की चेहरा उघडतो आणि मिटतो. दोरी, कुलूप, केस या खुणा आता त्यांच्याकडे जरा जास्त वेळा येतात. तरीही त्या फळ्यांमधल्या फटीत पडणारी खरी सावली दरवेळी अंगावर येते, कारण ती रंगवलेली नसते.

तला मदानी, ऑर्किदे तोराबी ही नावं इथे नुसती घेऊन पुढे जातो. दोघीही इराणबाहेर राहून पुरुषांची चित्रं करतात, तीही टक्कल पडलेल्या, सुटलेल्या पोटाच्या, स्वतःच्या मोठेपणात अडकलेल्या पुरुषांची. फतह अली शाहच्या दाढीपासून तिथपर्यंतची वाट कुणीतरी सविस्तर लिहायला हवी.

चेहऱ्याची खरी अडचण मात्र बायकांच्या चेहऱ्यांना आली, आणि तिथे सोहैला सोखनवरी यांचं काम आहे. शिराझमध्ये १९६४मध्ये जन्म, क्रांतीच्या आधीच लहानपणी ब्रिटनला रवानगी, आता केंब्रिजजवळ वास्तव्य. लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांचं प्रदर्शन ७ ऑक्टोबर २०२२ला उघडलं. त्यात क्रांतीपूर्वीच्या दोन डझनांहून अधिक इराणी स्त्रियांची व्यक्तिचित्रं होती, गायिका, नट्या, नर्तकी, लेखिका. गायिका गुगूश होत्या, कवयित्री फरोग फरोखजाद होत्या, कादंबरीकार सिमीन दानेश्वर होत्या. क्रांतीनंतर यांच्यापैकी बहुतेकींना पडदा, रंगमंच, आवाज यांतलं काहीतरी सोडावं लागलं होतं. प्रदर्शनाची आखणी खूप आधीची. पण ते उघडण्याच्या तीन आठवडे आधी, १६ सप्टेंबरला, तेहरानमध्ये पोलीस कोठडीत नेलेल्या २२ वर्षांच्या महसा जीना अमिनीचा मृत्यू झाला, आणि इराणच्या रस्त्यांवर मुली डोक्यावरचे रुमाल जाळत होत्या. लंडनच्या त्या वाकड्या, अंधाऱ्या दालनात जुन्या गायिकांचे आवाज घुमत होते आणि बाहेर तीच गोष्ट वर्तमान झाली होती.

ही चित्रं लहान आहेत, तळहातापेक्षा थोडी मोठी, आणि वासराच्या कातड्यापासून कमावलेल्या चर्मपत्रावर अंड्याच्या रंगात केलेली. या रंगाची कृती स्वयंपाकासारखी आहे. अंडं फोडून बलक वेगळा करायचा, तो या तळहातावरून त्या तळहातावर घेत कोरडा करायचा म्हणजे उरलंसुरलं पांढरं निघून जातं. मग बलकाची पातळ कातडी चिमटीत धरायची, खालून टोचायचं आणि आतला द्रव वाटीत सोडायचा. कातडी बोटांत राहते. त्यात रंगाची पूड आणि पाणी. हा रंग क्षणात वाळतो, त्यामुळे ब्रश फिरवून छटा मिसळता येत नाहीत. मोजक्या केसांच्या ब्रशने एकेक रेघ शेजारी शेजारी ओढत गालाची गोलाई आणावी लागते. एका चेहऱ्याला काही हजार रेघा. इराणी लघुचित्रकारांचा हात असाच चालत असे. सोखनवरींनी बायकांचे चेहरे आणि हात बहुतेक करड्या रंगात ठेवले, जुन्या कृष्णधवल फोटोसारखे, आणि त्यांचे कपडे, गालिचे, भिंती मात्र लखलखीत नक्षीच्या रंगांत. जणू भोवतीचं जग रंगीत राहिलं, आणि माणूस तेवढा जुन्या फोटोत अडकला.

या प्रदर्शनावर एक आक्षेप घेता येतो आणि तो टाळू नये. शाहच्या काळातल्या बायकांची अशी आरती ओवाळताना त्या काळातले गुप्त पोलीस, सेन्सॉर, तुरुंग यांची आठवण मागे पडते. सोखनवरींना याची कल्पना असावी असं चित्रांत दिसतं, कारण यातली एकही बाई सुखी दिसत नाही. दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या या बायका आहेत. आधीच्या सत्तेला त्या आधुनिक म्हणून मिरवायला हव्या होत्या, नंतरच्या सत्तेला त्या नकोच होत्या.

त्यातल्या एका चित्रापाशी मराठी वाचकाने थांबायलाच हवं. ते आहे रूहंगीज सामीनेजाद यांचं. १९३३चा ‘दुख्तर-ए-लोर’ हा फारसी भाषेतला पहिला बोलपट, आणि त्यात उघड्या चेहऱ्याने पडद्यावर आलेली ही पहिली इराणी बाई. हा चित्रपट तेहरानमध्ये झाला नाही. तो झाला मुंबईत, इंपीरियल फिल्म कंपनीत, ‘आलम आरा’ करणाऱ्या अर्देशीर इराणी यांच्या हाताखाली. अर्देशीर पुण्यात जन्मलेले. कथा-संवाद लिहिणारे आणि नायकाचं काम करणारे अब्दुलहुसेन सेपंता हेही इराणहून मुंबईला आलेले. म्हणजे ज्या चेहऱ्याने इराणी पडदा पहिल्यांदा बोलला, तो चेहरा पहिल्यांदा उजळला आपल्या मुंबईतल्या दिव्यांनी. चित्रपट तेहरानमध्ये तुफान चालला. रूहंगीज यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. लोकांनी त्यांना रस्त्यात छळलं, जवळच्यांनी नाकारलं. त्यांनी नाव बदललं आणि उरलेलं आयुष्य एकटीने, अनोळखी राहून काढलं. १९९७मध्ये तेहरानमध्ये त्या वारल्या. सोखनवरींच्या चित्रात त्या पुन्हा नावासकट बसल्या आहेत.

इराणी हातांनी इकडे येऊन चेहरे रंगवल्याची ही पहिली वेळ नव्हेच. तब्रीजचे मीर सय्यद अली आणि शिराझचे अब्दुस्समद हुमायूंबरोबर काबूलमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या चित्रशाळेतच अकबराने आपल्या सरदारांचे खरेखुरे, एकेकाची ओळख पटेल असे चेहरे काढून घेतले. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या दरबारातही फर्रुख बेग हा इराणी चित्रकार काही काळ होता असं अभ्यासक मानतात. स्थलांतरित इराणी चित्रकार ही गोष्ट न्यूयॉर्कहून कितीतरी आधी दख्खनने पाहिली आहे.

आजच्या चित्रकारांना त्रास देणारी एक गोष्ट दख्खनच्या त्या पाहुण्यांना माहीत नव्हती. २००६मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फरिश्ते दफ्तरी या इराणी वंशाच्या क्युरेटरनी सतरा कलाकारांचं एक प्रदर्शन मांडलं. कामी त्यात होते. मुस्लीम देशांत जन्मलेल्या आणि बाहेर राहणाऱ्या कलाकारांच्या कामाला सरसकट ‘इस्लामी’ म्हणायचं का, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. त्याच वर्षी दुबईत ख्रिस्टीजचा पहिला लिलाव झाला आणि इराणी कलेला भाव आला. भाव आला की मागणी ठरते. शिरीन नेशात यांनी १९९०च्या दशकात चेहऱ्यांवर आणि हातांवर फारसी अक्षरं लिहिलेले फोटो केले, ते अस्सल होते. त्यानंतर मात्र गॅलऱ्यांना प्रत्येक इराणी चेहऱ्यावर अक्षरं, पडदा किंवा बंदूक हवी असायची. चेहऱ्याला पुन्हा एकदा काम लावलं गेलं, या वेळी एका देशाचा खुलासा देण्याचं. कामी गेली कित्येक वर्षं ज्या माणसांना रंगवत आहेत त्यांतली बरीच इराणी नाहीत. त्यांच्या चित्रांना ‘इराणी’ म्हणायचं ते पाहण्याच्या रीतीमुळे, नाकडोळ्यांमुळे नव्हे.

आणि हे सगळं चित्रकलेच्या सुखसोयी असलेल्या जगात. मुस्तफा अझीमीताबार या इराणी कुर्दाच्या वाट्याला त्या नव्हत्या. २०१३मध्ये ते बोटीने ऑस्ट्रेलियाच्या आश्रयाला आले, आणि सरकारने त्यांना पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर डांबलं. पुढे मेलबर्नच्या हॉटेलांतल्या बंद खोल्या. सुटका झाली ती जानेवारी २०२१मध्ये. बेटावर त्यांनी रंग मागितले, ते मिळाले नाहीत. मग त्यांनी पाण्यात कॉफी कालवली आणि दात घासायच्या ब्रशने चित्र काढायला सुरुवात केली. कॉफीचा तपकिरी रंग पातळ असतो, पहिला थर वाळेपर्यंत थांबून दुसरा द्यावा लागतो, आणि टूथब्रशचे ताठ, सारख्या लांबीचे केस कागदावर समांतर ओरखडे उठवतात. त्याने मऊ गाल काढता येत नाही. जे निघतं ते खरवडून काढल्यासारखं निघतं.

सुटल्यावर रंग विकत घेता येऊ लागले, तरी त्यांनी टूथब्रश सोडला नाही. सिडनीत १९२१पासून दरवर्षी व्यक्तिचित्रासाठी आर्चिबाल्ड पारितोषिक दिलं जातं. २०२२मध्ये त्याच्या अंतिम फेरीत अझीमीताबार यांचं आत्मचित्र निवडलं गेलं, मोठ्या कॅनव्हासवर कॉफी आणि अ‍ॅक्रिलिकने केलेलं. चित्राचं नाव ‘केएनएस०८८’. बोटीवरून उतरल्यावर त्यांना दिलेला तो क्रमांक होता आणि कित्येक वर्षं पहारेकरी त्यांना त्याच नावाने हाक मारत. त्या क्रमांकाच्या वर टूथब्रशने ओढलेला एक पुरता, ओळख पटणारा माणूस आहे. डोळे उघडे आहेत.

त्याआधी दोन वर्षं, याच स्पर्धेत, अँगस मॅक्डोनाल्ड या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने मानुसवरच्या दुसऱ्या एका कुर्द इराणी बंद्याचं, लेखक बेहरूज बूचानी यांचं व्यक्तिचित्र दिलं होतं आणि प्रेक्षकांच्या मतांवर ते पहिलं आलं होतं. २०२४मध्ये अझीमीताबार पुन्हा अंतिम फेरीत आले. या वेळी त्यांच्यासमोर बसले होते मॅक्डोनाल्ड.